नावे की जमा?

आमच्या घरात बी.कॉम. झालेला मी एकटाच. बाकीचे सगळे शिकलेले. त्यामुळे रात्री अकरा वाजता भाचा सर्किटच्या पट्टीला जोडलेला छोटा पडदा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हा वाटलं, याला झोप येत नसावी.

"मामा, चित्र दिसतंय, पण बोट लावलं तर ढिम्म! तीन दिवस झाले. सोमवारी साहेबांना दाखवायचंय. नोकरीत अजून कायमही झालो नाही हो."

बोट लावूनही ढिम्म न हलणाऱ्या वस्तूंशी माझा वीस वर्षांचा सहवास आहे. पण त्या सगळ्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसतात.

मग त्याने समजावलं. स्पर्श ओळखणाऱ्या चिपला रीसेटची एक तार असते. तारेवरचं व्होल्टेज खाली आणलं की चिप झोपते, वर नेलं की जागी होते. म्हणजे झोपवण्याचा हुकूम शून्याने द्यायचा. याला म्हणतात ॲक्टिव्ह लो. लिनक्सला हे आपोआप कळत नाही. डिव्हाइस ट्री नावाच्या फायलीत तार उलटी की सुलटी ते लिहून द्यावं लागतं. त्यातही ॲक्टिव्ह हायला आकडा 0 आणि ॲक्टिव्ह लोला 1! ड्रायव्हर नुसता म्हणणार, 'रीसेट कर', 'रीसेट सोड'. तार वर न्यायची की खाली, ते फाईल बघून ठरायचं.

मी ताडकन उठून बसलो. अहो, हे तर आमचंच दुकान! खातेदार पैसे भरतो. त्याच्या वहीत बँक नावे, आमच्या वहीत तो जमा. पैसे तेच. मार्चअखेर यावरून कोणीतरी भांडतंच.

"फायलीत काय लिहिलंयस?"

"ॲक्टिव्ह हाय. पण मामा, जुन्या कर्नेलवर हीच फाईल चालत होती!"

"मग जुना ड्रायव्हरही उलटाच असणार. दोन चुका, एकमेकींना खाऊन बसलेल्या. तेरीज जुळते, ऑडिटर चहा पिऊन जातो. ड्रायव्हरची चूक कोणीतरी सुधारली आणि तुझी उघडी पडली. 'सोड' म्हटलं की तार खाली! चिप बिचारी कायमची झोपलेली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कर्नेलमध्ये शोधाशोध केली, तर 2009 च्या नोकिया एन 900 फोनचीही तीच कथा. त्याच्या फायलीत टीएससी 2005 या स्पर्शाच्या चिपची रीसेट तार ॲक्टिव्ह हाय लिहिली गेली होती. कर्नेलवाल्यांनी जुनी फाईल चालू राहावी म्हणून तेवढ्या चिपपुरती दुरुस्ती कर्नेलमध्येच ठेवली, वर खुलासाही लिहिला. आमच्या शाखेत अशा खुलाशाला तीन सह्या लागतात!

भाच्याने एक शब्द बदलला. साडेबाराला पहिलं बोट मला लावू दिलं. पडदा हलला.

"मामा, सगळं क्रेडिट तुमचं!"

"आमच्या वहीत क्रेडिट म्हणजे देणं," मी म्हटलं. सकाळी त्याच्याकडून मिसळ वसूल केली. दुसरी प्लेट मात्र त्याने माझ्या नावे टाकली.