कॅप्टनच्या पाठीमागची खुर्ची

“कॅप्टन, आज तुमच्याबरोबर येऊ का?”

हा प्रश्न मी गेली अठरा वर्षे विचारत आले आहे. तो कॅप्टनलाच विचारायचा, समोर उभे राहून. कंपनीच्या संगणकात माझे नाव चढलेले असते, गेटवरच्या माणसाने कागद पाहिलेले असतात. तरी कॅप्टनने ‘ये’ म्हटल्याशिवाय ती खुर्ची माझी होत नाही. ‘नको’ म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि कारण सांगायचे बंधन नाही.

खुर्ची म्हणजे जंपसीट. कॉकपिटमध्ये दोघा वैमानिकांच्या पाठीमागची ज्यादा बैठक. ती मुळात परीक्षक वैमानिकांसाठी आणि सरकारी निरीक्षकांसाठी. रिकामी असली की अमेरिकेत दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकालाही ती देतात. तिथे आमच्यातले कितीतरी जण राहतात एका शहरात आणि ड्यूटीला निघतात दुसऱ्याच शहरातून. जंपसीट हीच आमची लोकल. पुण्याची मावशी म्हणते, “म्हणजे फुकट फिरता की गं!” फुकट हे खरे, पण फिरणे नव्हे. त्या खुर्चीवर बसलेला माणूस प्रवासी मानला जात नाही. आदल्या रात्रीपासून दारूला स्पर्श नाही, कपडे नीटनेटके, आणि दहा हजार फुटांच्या खाली तोंड बंद. डोळे मात्र उघडे हवेत. बाहेर दुसरे विमान दिसले, पॅनेलवर काही खटकले, तर सांगायचे.

देशांतर्गत उड्डाणात आता हे सगळे सुरळीत चालते. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर परक्या कंपन्यांच्या वैमानिकांना कॉकपिटची दारे बंद झाली होती. पुढे वैमानिकाचा फोटो आणि नोकरीची खात्री गेटवरच पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था आली, तेव्हा ती पुन्हा उघडली. ही व्यवस्था अमेरिकेच्या हद्दीपुरती. परदेशी मालवाहू विमानाने जायचे तर बाकीचा खटाटोप: जनरल डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे आमच्या ‘जेन-डेक’वर नाव, ते आधीच सरकारकडे पोचलेले, पासपोर्ट, व्हिसा. क्रूला मिळणारी सवलत आपल्याला मिळेल असे समजून गेलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला मालधक्क्यावरूनच परत फिरावे लागले होते. म्हणून बरेच जण मालवाहू विमानाच्या वाटेला जात नाहीत. मी जाते. प्रवासी विमाने सुट्ट्यांत भरून वाहतात. माल रात्री निघतो, आणि मालाला सुट्टी नसते.

कोलोनची ती रात्र आठवते. बहिणीकडून परतत होते. रात्री अडीचला एका व्हॅनने मालधक्क्यावर सोडले. पुढ्यात ७४७, नाकाचा दरवाजा वर उचललेला, रोलरवरून पॅलेट आत सरकत होती. त्या विमानात शंभर टनांहून जास्त माल जातो. खालचा अख्खा मजला मालाचा; माणसांनी शिडीने वर चढायचे. वर कॉकपिट, त्यामागे मोजक्या खुर्च्या, झोपायला बंक, एक ओव्हन. केबिन क्रू नाही. आपला डबा आपणच गरम करायचा.

कॅप्टनने तीनच गोष्टी विचारल्या. कोणते विमान चालवतेस? या विमानात आधी बसली आहेस? झोप झाली आहे का? मग फर्स्ट ऑफिसरने मला ऑक्सिजनचा मास्क आणि धुरापासून बचावाचा चष्मा दाखवला, आणि स्वतः लावून दाखवायला लावला. हे उपचारापुरते नव्हते. अशा विमानात मुख्य मजल्यावर आग लागली तर विझवायला कोणी जात नाही. विमान पंचवीस हजार फुटांच्या आसपास ठेवून आतला हवेचा दाब काढून टाकतात, म्हणजे आगीचा प्राणवायू तुटतो. माणसांचाही तुटतो. तेव्हा मास्क हाताला सापडला नाही तर पुढचे काही बोलायला नको.

मास्क लावून बसले आणि यूपीएसचे उड्डाण ६ आठवले. ३ सप्टेंबर २०१०, दुबईहून याच कोलोनला निघालेले ७४७. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर बावीस मिनिटांच्या सुमारास आगीचा इशारा आला. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला. दुसरे साधन आणायला तो खुर्चीतून उठला तो परतलाच नाही. एकट्या फर्स्ट ऑफिसरला धुरात यंत्रे दिसत नव्हती, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलता येत नव्हती. इतर विमाने त्याचे निरोप पोचवत होती. विमान पडले, दोघेही गेले. मागे तिसरे कोणी नव्हते. असते तर वाचले असते, असे म्हणणे बाष्कळपणा होईल. पण मास्क देणारा, फ्रिक्वेन्सी फिरवणारा आणखी एक हात, हा विचार मनातून जात नाही.

तिसऱ्या माणसाचा उपयोग काय, हे इंडोनेशियात दिसले. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचे ७३७ मॅक्स डेनपसारहून जाकार्ताला येताना पुन्हा पुन्हा नाक खाली घालू लागले. मागे बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाने नाक खाली ढकलणाऱ्या ट्रिमच्या मोटरची वीज तोडायला सुचवले, असे बातम्यांत आले. विमान सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी तेच विमान, तोच बिघाड, कॅप्टन दिल्लीचा तरुण. १८९ जण जावा समुद्रात गेले.

याच खुर्चीवरून घातही झाला आहे. ७ एप्रिल १९९४ ला फेडेक्सच्या उड्डाण ७०५ मध्ये मेम्फिसहून त्याच कंपनीचा एक कर्मचारी गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारायची बंदूक घेऊन चढला. दुसऱ्या दिवशी त्याची खात्यांतर्गत चौकशी होती. त्याने तिघा क्रूची डोकी फोडली. त्यांनी झुंजत, रक्तबंबाळ अवस्थेत विमान परत उतरवले. पुढे तिघांपैकी कोणीही व्यावसायिक विमान चालवू शकले नाही. २२ ऑक्टोबर २०२३ ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाने जंपसीटवरून दोन्ही इंजिने बंद करणाऱ्या दांड्यांना हात घातला. चाळीस तास झोप नव्हती, असे त्याने नंतर सांगितले. दोघांचेही ओळखपत्र अस्सल होते.

म्हणून जंपसीट बंद करा म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही, आणि सगळे अ‍ॅपवर सोडा, कॅप्टनला विचारायचे कशाला, म्हणणाऱ्यांशी तर अजिबात नाही. पडद्यावर ओळख कळते. समोरच्या माणसाचे डोळे लाल आहेत, तो नजर चुकवतो आहे, हे कळायला कॅप्टनने दोन मिनिटे बोलावे लागते. मालधक्क्यावर, जिथे गेटही धड नसते, तिथे तर नक्कीच.

हा अंक वाचणारी काही मुले-मुली परदेशात विमान चालवत असतील. कॅप्टनने ‘झोप झाली का’ विचारले आणि झाली नसेल, तर ‘नाही’ म्हणा. एक विमान जाईल. पुढचे मालवाहू बहुधा उद्या रात्री असते.