एकाच पायाची सूज

मिरकरवाडा बंदरात पाय दुखणं कुणी दुखण्यात धरत नाही. मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या बाया, जाळी ओढणारे खलाशी, बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहणारे हमाल, सगळ्यांचेच पाय संध्याकाळी भरून येतात. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. गरम पाण्याचा शेक घ्यायचा, तेल लावून चोळायचं आणि आडवं पडायचं. मी एका बोटमालकाकडे डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल यांचा हिशेब लिहितो. मला जे झालं त्यात हेच उपाय घातक ठरले असते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी बोटी वर घ्यायची धांदल चालू असताना मी ओल्या जेटीवर घसरलो आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लास्टर चढलं. "बंदीत काम तरी काय असतं? निवांत पडून राहा," असं जो तो म्हणाला. पडून राहिलो. प्लास्टर निघाल्यावर हाड जुळल्याचं कळलं, पण पोटरी ठणकू लागली. सूज गुडघ्याच्या वर सरकली. कातडी ताणून चकचकीत झाली आणि हात लावला तर डाव्या पायापेक्षा गरम लागायची. लाली म्हणावी तशी दिसत नव्हती. आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर ती सहज दिसतही नाही.

शेजारचे चाचा जुने तांडेल. लचक, मुरगळ त्यांच्या हाताने उतरते असा लौकिक. ते तेलाची वाटी घेऊन आले, तेव्हा नर्सिंग शिकणारी माझी भाची घरात होती. "मामा, चोळू देऊ नका. आधी मोजू," ती म्हणाली. शिवणाची टेप आणून तिने दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजल्या. फरक चार सेंटीमीटरच्या आसपास निघाला. तीन सेंटीमीटरच्या वरचा फरक डॉक्टर खूण म्हणून धरतात, हे तिला ठाऊक होतं. चाचांना ते पटलं नाही, पण वाटी त्यांनी बाजूला ठेवली आणि रिक्षा तेच घेऊन आले.

दवाखान्यात डॉप्लर सोनोग्राफी झाली. मांडीवर जेल लावून डॉक्टर यंत्र दाबत होते. निरोगी शीर दाबली की चपटी होते, आत गुठळी असली की होत नाही. माझी झाली नाही. पोटरीचे स्नायू चालताना रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडावा तसं माझ्या पायाचं प्लास्टरमध्ये झालं होतं. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढणं, अशी तीन कारणं डॉक्टरांनी सांगितली. पहिली दोन तर माझ्याकडे होतीच. हा कारणांचा मेळ ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशाव 13 ऑक्टोबर 1821 रोजी जन्मले. म्हणून 2014 पासून 13 ऑक्टोबरला जागतिक थ्रॉम्बोसिस दिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीच्या आजाराचा दिवस, पाळतात.

खरी भीती पायाची नसते. गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून पुढे फुप्फुसात जाऊन अडकतो. मग अचानक धाप लागते, खोल श्वास घेताना छातीत कळ येते, ठोके धावतात, कधी खोकल्यातून रक्त पडतं, माणूस चक्कर येऊन कोसळतो. सुजलेला पाय चोळू नये तो यासाठीच.

आधी पोटात सुया आणि मग निदान तीन महिने गोळ्या. ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं. मात्र रक्त लवकर थांबत नाही. शिंगाळ्याचा काटा बोटात गेला तरी बराच वेळ दाबून धरावं लागे. दुकानातून मनाने वेदनाशामक गोळी आणायलाही बंदी होती.

ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या आणि मी बंदरावर हे सांगू लागलो. "चालताबोलता माणूस असा मरतो होय?" असं खलाशी हसण्यावारी नेत. मग त्यांना लंडनची हकीकत सांगायचो. 1940 साली बॉम्बच्या भीतीने लोक रात्र रात्र तळघरांतल्या आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यांतले काही फुप्फुसात गुठळी अडकून मेले, असं कीथ सिम्प्सन या डॉक्टरने त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. बॉम्बने नव्हे, बसून राहण्याने माणसं गेली, हे ऐकल्यावर मुंबईच्या रात्रीच्या बसचा विषय आपोआप निघतो. चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो. तरी निरोगी माणसाला तो थोडाच असतो. पाणी पीत राहावं, घोटे हलवावेत, गाडी थांबली की उतरून चालावं.

मोठा धोका दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत असतो. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, कॅन्सर, पूर्वी कधी झालेली गुठळी यांनी तो वाढतो, काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर फार जपायचे. आपल्याकडे त्याच दिवसांत बाळंतिणीला झोपवून ठेवतात आणि रोज अंग चोळतात. हे मी पुरुषाने सांगून चालत नाही. भाची घरोघरी सांगते. मालीश बंद करा असं ती म्हणत नाही. चोळणाऱ्या बाईने आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघावेत, एकच सुजलेला असेल तर तेलाला हात न लावता डॉक्टर गाठावा आणि बाळंतिणीला घरातल्या घरात हिंडूफिरू द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. सिझर झालेल्या बाईने घरी सोडतानाच डॉक्टरांना गुठळीबद्दल विचारून घ्यावं.

खलाशांना मी आणखी एक गोष्ट बजावतो. धाप लागून कुणी कोसळला तर 108 ला फोन करायचाच, पण डॉक्टरसमोर नुसतं "दम लागलाय" म्हणून थांबायचं नाही. दमा, न्यूमोनिया, हृदयविकार, सगळ्यांत दम लागतो. पायाला प्लास्टर होतं, ऑपरेशन झालं होतं, बाळंतपण झालं होतं किंवा एक पाय सुजला होता, यातलं जे खरं असेल ते पहिल्याच वाक्यात सांगायचं. तपासणी कुठून सुरू करायची हे त्यावरून ठरतं.