यंदाची सुट्टी नागपुरातच

मे महिना नागपुरात काढायचा म्हटलं की बाहेरगावच्या मैत्रिणी कपाळाला हात लावतात. माझी पुण्याची नणंद तर दर वर्षी फोन करून आधी हेच विचारते, "वहिनी, भाजून निघालात की अजून थोड्या कच्च्या आहात?" तिचंही काही चूक नाही. २३ मे २०१३ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आणि ३० मे २०२४ला एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले! यंत्रच बिघडलं होतं असं हवामान खात्यानं मागाहून सांगितलं, पण तोवर ती बातमी देशभर फिरून आली होती. शेजारच्या काकूंना मात्र ते आजही पटलेलं नाही. "मशीन काहून खोटं सांगन बापा? माझ्या गच्चीवर तेवढंच होतं!"

तर अशा नागपुरात यंदा मी दोन मुलांना घेऊन अख्खी सुट्टी राहिले. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा.

एरवी आम्ही इथं राहत नाही. माझं माहेर सौंसरचं. नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटर, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच. मध्य प्रदेशात असलं तरी घरोघरी मराठीच. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. गावाभोवती संत्र्याच्या बागा, जवळच जामसावळीचा निजलेला मारुती. एक मेला शाळेचा निकाल लागला की दोन तारखेला आमच्या पिशव्या भरलेल्या असत. पण गेल्या हिवाळ्यात आई गेली. दादा नोकरीमुळं इंदूरला. घराला कुलूप. मुलांना मामा आहे, पण मामाचं गाव नाही, अशी स्थिती झाली.

थंड हवेच्या ठिकाणी जावं, असं ह्यांनी एकदा म्हणून पाहिलं. पण मी शिकवते तासिका तत्त्वावर. जेवढे तास घ्यायचे तेवढ्याचे पैसे. मे-जूनमध्ये तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आमची सुट्टी लांब, आणि माझ्यासारखीच्या हातची तंगीही तितकीच लांब. चिखलदऱ्याच्या हॉटेलाचे दर ऐकले आणि विषय तिथंच मिटवला.

"आई, मग सुट्टीत आपण करायचं काय?" थोरलीनं विचारलं. "नागपूर बघायचं," मी म्हटलं. तिनं नाक मुरडलं. जिथं आपण राहतो ते गाव आपण बघितलेलं असतं, असं सगळ्यांनाच वाटतं.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेळापत्रक कळलं की तो तितका वाईट राहत नाही. सकाळी पाच ते साडेनऊ हा आपला दिवस. मग संध्याकाळी साडेसहापर्यंत दारं-खिडक्या बंद. पुन्हा रात्री अंगणात किंवा गच्चीवर दुसरा दिवस सुरू. मधल्या वेळेत बाहेर पडावंच लागलं तर डोक्या-कानाला दुपट्टा गच्च बांधायचा. आमच्या गाडी चालवणाऱ्या मुली असा बांधतात की आई समोरून गेली तरी ओळखणार नाही. सासूबाई तर मुलांच्या खिशात अजूनही एकेक कांदा ठेवतात. कांद्यानं ऊन थांबतं की नाही ते मी सांगत नाही. पण पन्हं, ताक आणि लिंबाचं साखर-मीठ घातलेलं सरबत यांनी नक्की सावरतं. पोर बाहेरून आल्यावर डोकं दुखतं म्हणाली, मळमळतं म्हणाली की सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्यानं पुसा, घोट घोट पाजा. अंग तापलेलं असून ती बरळायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, अंगावर पाणी टाकत थेट दवाखाना गाठा.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही झिरो माईलला गेलो. मी स्वतः त्याच्या शेजारून शेकडो वेळा गेले असेन, पण थांबले नव्हते. दगडी खांब, बाजूला चार घोडे, आणि एक षट्कोनी दगड. सगळे म्हणतात हा भारताचा मध्यबिंदू. खरं तर ही मोजणीची खूण. १८०२ साली मद्रासजवळ इंग्रजांनी देश मोजायला घेतला, त्या मोठ्या मोजणी खात्याचा हा १९०७चा दगड. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर कोरलीय, १०२०.१७१ फूट. थोरलीकडून मी तिथंच तिचे मीटर करवून घेतले. (शिक्षिकेची मुलगी होणं सोपं नसतं.) ३११ मीटर भरले. भोवती गावांची मैलांतली अंतरं आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३. धाकटा दगडाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "आजीचं गाव लिहायला विसरले." मी त्याला छिंदवाडा या नावावर बोट ठेवायला लावलं आणि सांगितलं, "या रस्त्यानं निघालं की अर्ध्या वाटेवर." त्यानं बोट बराच वेळ उचललं नाही.

अजब बंगला एका सकाळी उघडल्या उघडल्या पाहिला. १८६३ साली सर रिचर्ड टेंपलनं सुरू केलेलं हे मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. पेंढा भरलेले प्राणी मुलांना आवडले, शस्त्रं धाकट्याला जास्त. शिल्पांपाशी मीच रेंगाळले आणि मुलांनीच मला ओढून बाहेर काढलं. महाराजबागेत मात्र प्राण्यांपेक्षा झाडांची सावलीच मनात राहिली. भोसल्यांच्या काळातली ही बाग आज कृषी महाविद्यालयाकडं आहे. अंबाझरी, फुटाळा हे तलाव संध्याकाळचे. काठावर वारा असतो आणि फुटाणेवाला असतो, याहून जास्त मुलांना काही लागत नाही.

दुपारी मोठ्या कठीण. मोबाईलची मागणी सुरू होते ती दुपारीच. आमचा कुलर जुना, लोखंडी, गवताच्या ताट्यांचा. धाकट्यानं विचारलं, "मुंबईच्या मावशीकडं कुलर का नाही?" मी त्याचा एक हात ओल्या रुमालानं पुसला, दुसरा कोरडा ठेवला आणि दोन्ही पंख्याखाली धरायला सांगितले. ओला हात गार. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं. मुंबईची हवा आधीच ओली, तिला आणखी पाणी नको असतं. म्हणूनच आपल्याकडंही पाऊस सुरू झाला की हाच कुलर नुसता दमट वारा फेकतो. खोली अगदी बंद ठेवली तरी गारवा येत नाही. कुलरसमोरची एखादी खिडकी चार बोटं उघडी हवीच. ताट्यांमध्ये थोडा वाळा घातला की घरभर माठाच्या पाण्यासारखा वास येतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, नाहीतर डासांची शाळा भरते.

याच उन्हाचं एक देणं म्हणजे वाळवण. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून कुरडया घातल्या. पुण्याला दोन-तीन दिवस उलटसुलट कराव्या लागतात म्हणे. आमच्या गच्चीवर सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखडीत. कावळे हाकलायची नोकरी मुलांना दिली, पगार ओला चीक वाटीभर. नणंदेला फोनवर सांगितलं की मुलं गच्चीवर बसून डांगर खातायत, तर ती म्हणाली, "कच्चं?" तिच्या मते डांगर म्हणजे भोपळा. आमच्याकडं खरबुजाला डांगर म्हणतात, कलिंगडाला टरबूज आणि कोथिंबिरीला सांबार. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा मंडईत सांबार मागितल्यावर भाजीवाल्यानं मला समोरचं उडप्याचं हॉटेल दाखवलं होतं.

आता त्या जागेबद्दल, जिथं मी मुलांपेक्षा स्वतःसाठी गेले. कडबी चौकाजवळ मोतीबागेत रेल्वेचं नॅरो गेज संग्रहालय आहे, २००२च्या डिसेंबरात उघडलेलं. दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरची जुनी इंजिनं, डबे, कंदील, सिग्नल. मुलांसाठी छोटी गाडी फिरते. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी आमची गाडी याच रुंदीची होती. सावनेर, केळोद, लोधीखेडा, मग सौंसर. कॉलेजला नागपुरात असताना प्रत्येक सुट्टीला मी तिनं घरी जायची. ती इतकी सावकाश चालायची की वाटेत कोणी शेतातून हात केला तर त्याच्याशी दोन वाक्यं बोलून व्हायची. २०१५च्या अखेरीस ती बंद झाली, रूळ रुंद करायला. थोरलीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणजे माझ्या मुलांनी ती पाहिलेलीच नाही.

डब्यात लाकडी बाकावर मी बसले. आई अशाच बाकावर समोर बसायची, मांडीवर संत्र्यांची पिशवी, सालं खिडकीबाहेर न टाकता पदरात गोळा करायची. हे मी मुलांना सांगितलं. तोवर आजीबद्दल घरात कोणी फारसं बोलत नव्हतं; मुलांना रडू येईल म्हणून मी, मला रडू येईल म्हणून मुलं. थोरली म्हणाली, "आजी मला पण पदरातच सालं ठेवायला सांगायची." मग बाहेर छोटी गाडी आली आणि दोघंही पळाले.

त्या रात्री थोरलीनं स्वतःच विचारलं, "आपण एक दिवस तरी जाऊ या ना?" दादानं घर विकायचं फोनवर सुचवलं होतं, तेही तिनं ऐकलेलं होतं. मुलांना वाटतं तितकं काही चुकत नाही.

नवतपा लागायच्या आत, पहाटेच्या बसनं आम्ही सौंसरला गेलो. आता तिथं मोठ्या रुळांची गाडी येते, पण तिची वेळ आम्हाला जुळेना. किल्ली शेजारच्या काकांकडं होती. कुलूप उघडलं, दारं उघडली, झाडून काढलं. रांजण कोरडा ठणठणीत. मुलांनी विहिरीवरून पाणी आणून तो भरला. संध्याकाळी आम्ही परतणार होतो, तरी भरला. मी थांबवलं नाही.

मग बागेत गेलो. बाग काकांनीच बटईनं केलीय. झाडं पाहून धाकटा रडायलाच लागला. पानं मुरडलेली, पिवळी, निम्मी गळून पडलेली. त्याला वाटलं, आजी नाही म्हणून झाडांना कोणी पाणी देत नाही. त्यानं बादली उचलली तसे काका धावत आले. "नको बेटा! आता पानी देलं त फूलच येत नाही." मृग बहाराची संत्री हवी असतील तर एप्रिल-मेमध्ये झाडाला मुद्दाम ताणावर ठेवतात, पाणी तोडतात. जूनमध्ये पाऊस पडला की तीच झाडं पांढऱ्या फुलांनी भरून जातात, आणि फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चात येतात. आंबिया बहाराचं गणित वेगळं. तो फुलतो जानेवारीच्या सुमारास, त्याला उन्हाळाभर पाणी लागतं. काकांनी हे सगळं धाकट्याला समजावून सांगितलं, एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं तसं. त्याची खात्री पटली नाही. बादली जागेवर ठेवली, पण परत येताना त्यानं काकांना बजावलं, "पाऊस आला की फोन करा."

दादाला मी तिथूनच फोन केला. घर विकू नकोस असं मी म्हटलं नाही. त्यातला निम्मा शब्द त्याचा आहे आणि गळती दुरुस्त करायचे पैसे माझ्याकडं नाहीत. फक्त फोन मुलांच्या हातात दिला. मृगाचा तोडा सुरू होईल तेव्हा येतो, मग बघू, असं तो म्हणाला. मी नवं कुलूप घेऊन लावलं. त्याला तीन किल्ल्या होत्या. एक काकांना दिली, एक दादाला पाठवली, एक थोरलीनं आपल्या कंपासपेटीत ठेवली. ती शाळेत हरवेल असं मी दोनदा सांगितलं आहे.

आता उरलंय रामटेक. रामगिरी म्हणजे हेच, कालिदासानं मेघदूत इथं लिहिलं असं मानतात. गडावर त्याचं स्मारकही आहे. नागपूरहून जवळजवळ पन्नास किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत. पण ढग नसताना रामटेकला जाण्यात काय गंमत, म्हणून ते आषाढावर टाकलंय. शाळा उघडायच्या आत पाऊस आला तर ठीक, नाहीतर त्यानंतरच्या पहिल्या रविवारी. डब्यात काय न्यायचं यावर मात्र आमच्याकडं आत्ताच भांडण जुंपलंय. थोरलीला सांबारवडी हवी आहे, धाकट्याला तिखट पुऱ्या, आणि ह्यांना दोन्ही.