माळेचें मोल

आमच्या आजेसासूबाईंच्या गळ्यांत अकिकाची तांबडी माळ असे. तशीच नव्या सूनबाईंना घालावी, या हौसेनें सन २०१९ च्या हिवाळ्यांत मी गुजराथेंतील खंबायतेस गेलें. ही विद्या त्या मुलखांत फार जुनी. लोथलच्या उत्खननांत मणी घडविण्याची चार हजार वर्षांपूर्वीची कार्यशाळा सांपडली आहे.

रतनपूरच्या खाणींतला हा दगड मूळचा मळकट. तो उन्हांत वाळवून मडक्यांत घालून आंच दिली, म्हणजे त्यांतील लोहाच्या अंशामुळें तांबडा होतो. मग कारागीर तो जमिनींत रोवलेल्या लोखंडी मेखेवर टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें त्याचे टवके काढतो. नंतर चाकावर घासून आकार देतो. जिल्हई देण्यासाठीं पूर्वीं मणी, अकिकाचें पीठ व पाणी चामड्याच्या पिशवींत घालून दोन माणसें ती कित्येक दिवस लोळवीत. आतां पुष्कळ ठिकाणीं तें काम फिरतीं पिंपें करतात.

एका ओसरीवर एक तरुण बाई विजेच्या चाकावर मणी घाशीत होती. शेजारीं झोळींत मूल निजलें होतें. त्याच्या पापण्या पांढऱ्या दिसल्या. मीं सहज म्हटलें, "घरांत दळण झालें वाटतें?"

"बेन, हें दगडाचें पीठ. याच्याच पायीं ह्याचा बाप गेला."

ही बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसते व तीं हळूहळू निबर होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. पुष्कळदां क्षय समजून भलतेच उपचार होतात. आणि तो बरा करणारें औषध नाहीं. चाकावर पाणी सोडलें, धूळ ओढणारा पंखा बसविला, तर धोका पुष्कळ कमी होतो. परंतु नगावर मजुरी मिळविणाऱ्या बाईनें तो खर्च कोठून करावा?

माळ घेऊं नये, असें मनांत आलें. तिनें तें ओळखलें असावें. "आपण घेतली नाहीं, तर आम्हीं खावें काय?" ती म्हणाली. मीं घासाघीस न करतां माळ घेतली. माल नेण्यास आलेल्या व्यापाऱ्याला पाण्याच्या चाकाविषयीं विचारलें. तो नुसता हंसला.

दागिन्याचा भाव आपण वजनावर नि घडणावळीवर करतों. घडविणाऱ्याचा श्वास त्यांत कोठें धरतों?

घरीं सूनबाईंना सर्व हकीकत सांगितली. माळ हातांत धरून त्यांनीं विचारलें, "त्या मुलाचें नांव काय हो, आई?"

मला तें विचारावयाचें सुचलेंच नव्हतें.