चावी न लागणारं घड्याळ

मैत्रिणींनो, रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘अगं बाई, घड्याळाला चावी द्यायची राहिली!’ म्हणून तुम्ही कधी उठला आहात का? माझी आई उठायची. पहाटे चारला नळ यायचा, गजर चुकून कसं चालेल? शेवटी वडिलांनी तिला सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणून दिलं. आई गेल्यावर ते मी जपून कपाटात ठेवलं, पण सेल काढायला विसरले. वर्षांनी पाहते तो सेलला पाणी सुटून आतली पट्टी पार खाऊन गेलेली! तेव्हापासून अशी घड्याळं जमवायचा नाद लागला.

म्हणूनच लेकीकडे श्टुटगार्टला गेले, तेव्हा श्रामबेर्ग पाहायचा हट्ट धरला. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत दडलेलं हे गाव. इथे १८६१ साली युंगहान्स कंपनी सुरू झाली. कारखान्याची १९१८ साली पुरी झालेली नऊ मजली इमारत उतारावर घाटाच्या पायऱ्यांसारखी चढत गेलीय. का, तर बारीक काम करणाऱ्याच्या हातावर खिडकीतला उजेड पडावा! २०१८ पासून तिथे घड्याळांचं संग्रहालय आहे. १९६७ साली याच कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रोक्रोन’ हे क्वार्ट्झचं टेबलावरचं घड्याळ काढलं.

माझा जीव मात्र त्याआधीच्या घड्याळांत. काहींत सेलच्या विजेवर छोटी स्प्रिंग थोड्या थोड्या वेळाने आपोआप गुंडाळली जाते. म्हणजे चावी देणारा हात आतच बसलेला! काहींत ट्रान्झिस्टर असतो आणि चुंबकाच्या हलक्या धक्क्यावर चक्र झुलत राहतं.

परतताना एका गावच्या जुन्या बाजारात अगदी आईच्यासारखं घड्याळ दिसलं. लेक म्हणाली, “आई, आधी चालतंय का बघ.” म्हटलं, “थांब, आधी सेलची खोली बघू दे.” आत लख्ख! विकणाऱ्या आजीबाईंनी सेल काढूनच ठेवला होता. बारा युरो मोजले नि घड्याळ पर्समध्ये टाकलं.

तुम्हीही घेणार असाल, तर मागचं झाकण आधी उघडा. जुन्या साध्या सेलची पांढरी-हिरवी पूड असेल, तर हातमोजे घालून कोरड्या ब्रशने झटका, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापूस किंचित भिजवून पुसा. हल्लीच्या अल्कलाइन सेलला मात्र सोड्याऐवजी व्हिनेगर. यंत्रात ओल जाऊ देऊ नका. आणि जुन्या घड्याळाचे अंधारात चमकणारे काटे असतील, तर काच उघडू नका, रंग खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी ते जात नाही. असं घड्याळ मुलांच्या हाती देऊ नका, उशाशीही ठेवू नका.

आता माझ्या कपाटात दोन घड्याळं शेजारी शेजारी आहेत, एक चालणारं, एक आईचं. तुमच्याही कपाटात कुणाची आठवण म्हणून एखादं ठेवलेलं असेल. आज दुपारी हात रिकामा झाला की तेवढा सेल काढून ठेवा बरं का!