पंच आणि पन्हें

कांहीं शब्द माहेर सोडून परदेशीं जातात, तेथें दोन-तीन शतकें सुखानें नांदतात, आणि परत येतात तेव्हां घरचीं माणसेंही त्यांना ओळखत नाहींत. ‘पंच’ हा त्यांपैकींच एक होय. मोठ्या काचेच्या भांड्यांत फळांच्या फोडी तरंगत असलेलें जें मद्यमिश्रित पेय मेजवानीच्या वेळीं पाहुण्यांपुढें येतें, त्याचें हें नांव आपल्या ‘पांच’ या संख्येवरून पडलें असें पुष्कळ कोशकार मानतात. कांहीं पंडित मात्र पिंपाला असलेल्या एका इंग्रजी नांवाकडे बोट दाखवितात. इंग्रजी लिखाणांत हा शब्द प्रथम आढळतो तो १६३२ सालच्या एका पत्रांत. पुढें डॉ. जॉन फ्रायर या प्रवाशानें आपल्या १६९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रज हें पेय करतात व त्यांत पांच द्रव्यें असल्यामुळें त्याला हें नांव पडलें, असें स्पष्टच सांगितलें आहे. तीं पांच द्रव्यें म्हणजे ताडा-माडाची दारू, पाणी, लिंबाचा रस, साखर आणि मसाला.

या यादींतील पहिलें नांव हातानें झांकून पाहावें. बाकी जें उरतें तें आपल्या घरचें सरबत! आंबट, गोड, पाणी आणि सुवास या चौकडीवरच आपलें पन्हें, कोकम आणि लिंबाचें सरबत उभें आहे. म्हणजे साहेबानें आपल्या पन्ह्यांत पांचवें द्रव्य ओतलें, आणि तेंच यादींत पहिलें होऊन बसलें. तें पांचवें घरांत घ्यावें कीं नाहीं, हा आमच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं पडलेला प्रश्न होता. आणि असा प्रश्न आज एकट्या आमच्याच घरीं पडतो असें मला वाटत नाहीं.

आम्ही मुलुंडला राहतों. स्पेनमध्यें दोन वर्षें नोकरीनिमित्त राहून आलेल्या आमच्या सूनबाईनें डिसेंबरांत गच्चीवर आप्तेष्टांचा व मित्रमंडळींचा मेळावा भरवावयाचें ठरविलें, आणि तेथें शिकलेलें ‘सांग्रिया’ करावें अशी इच्छा बोलून दाखविली. रक्तवर्णावरून हें नांव पडलें आहे. पंचाच्याच कुळांतलें हें पेय. फरक एवढाच कीं त्यांत अर्काच्या जागीं द्राक्षांची तांबडी वाइन असते. तेथील लोकांना त्याचा अभिमान एवढा, कीं युरोपीय संघाच्या २०१४ सालच्या नियमान्वयें स्पेन व पोर्तुगाल यांखेरीज अन्य देशांत केलेलें पेय नुसत्या ‘सांग्रिया’ या नांवानें तेथें विकतां येत नाहीं.

तिची कृति अशी. तांबड्या वाइनची ७५० मिलिलिटरची एक बाटली घ्यावी. दोन संत्रीं, एक सफरचंद व एक लिंबू यांच्या सालीसकट पातळ चकत्या कराव्या; एका डाळिंबाचे दाणे सोडवावे. चार चमचे साखर पाव लिटर मोसंब्याच्या रसांत विरघळवावी, दालचिनीचा एक तुकडा टाकावा, आणि सर्व एकत्र करून चार तास थंड जागीं झांकून ठेवावें. वाढतेवेळीं अर्धा लिटर गार सोडा घालावा. आधीं घातल्यास त्याचा फेंस मरतो. वाइनसाठीं परदेशाकडे पाहण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. १९९९ सालीं राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ ‘सुला’चा पाया घातला आणि २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें; तेव्हांपासून आमची खाण्याची द्राक्षें पिकविणारा नाशिक जिल्हा पिण्याच्या द्राक्षांसाठींही प्रसिद्ध झाला आहे.

येथें मीं गणिताच्या शिक्षिकेचा जुना स्वभाव सोडला नाहीं. वाइनमध्यें शेंकडा १३ भाग मद्यार्क धरला, तर एका बाटलींत तो सुमारें ९८ मिलिलिटर होतो. रस व सोडा मिळून दीड लिटर पेय झालें, म्हणजे प्रमाण शेंकडा साडेसहावर येतें. ऐकावयास हें सौम्य वाटतें. परंतु पाण्यानें मद्यार्क नाहींसा होत नाहीं, तो नुसता पसरतो. आणि साखर व फळें त्याची चव झांकून टाकतात. जो मनुष्य वाइनचा एक पेला घेऊन थांबला असता, तो याचे तीन पेले सरबताप्रमाणें सहज पितो, आणि दीड पेला वाइन पोटांत गेली हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. शिवाय तळाशीं राहिलेल्या फोडी! त्यांत मद्य मुरलेलें असतें, आणि लहान मुलांचा हात प्रथम तेथेंच जातो.

हें सर्व ऐकत माझी धाकटी जाऊ बसली होती. तिचे यजमान यकृताच्या विकारानें गेले. त्या विकाराचें कारण आम्हां सर्वांस ठाऊक होतें, आणि कोणीही तें तोंडावाटे काढलें नव्हतें. ती शांतपणें म्हणाली, “वहिनी, मला बाटलीचें भय वाटत नाहीं. बाटलीवर निदान नांव तरी असतें. फळें घातलीं, साखर घातली, म्हणजे तिला कोणी दारू म्हणत नाहीं, याचें मला भय वाटतें. आमच्या घरीं दहा वर्षें ‘औषधापुरती’ हेंच तिचें नांव होतें.”

“काकू, लपून बाहेर पिण्यापेक्षां चारचौघांत, घरच्यांसमोर, मोजकें घेतलेलें बरें नाहीं का?” असें सूनबाईनें विचारलें. दोघींचेंही म्हणणें मला खरें वाटलें, आणि म्हणूनच निवाडा कठीण झाला. द्राक्षासवाची बाटली आमच्या घरच्या फडताळांत नेहमींच असे, आणि धायटीचीं फुलें घालून आंबविलेल्या त्या आसवांत मद्यार्क असतो हें वैद्य सांगतात; चरकसंहितेंत तर चौऱ्यांशी आसवें गणलीं आहेत. तेव्हां मद्य आमच्या उंबऱ्याच्या आंत कधीं आलेंच नाहीं, असें म्हणणें खरेपणाचें नाहीं. पण तें आलें तें चमच्यानें मोजून आलें, ही गोष्टही तितकीच खरी.

या वेळीं मला माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेची आठवण झाली. त्या मरोळ गांवठाणांतल्या, ईस्ट इंडियन समाजाच्या. हा समाज साष्टी बेटाचा मूळ रहिवासी, घरीं मराठीच बोलणारा. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं त्यानें हें नांव धारण केलें. लग्नकार्यांत मसाला व साखर घातलेली ऊन ‘खिमड’ देण्याची त्यांच्यांत रीत आहे, म्हणजे खरा जुना पंच त्यांच्याच घरीं टिकला म्हणावयाचा. त्या एकदां मला म्हणाल्या होत्या, “आमच्या घरीं पेले लहान, ओतणार घरांतलें वडील माणूस, आणि दुसऱ्यांदा कोणी विचारीत नाहीं. तरी आमच्याही गांवठाणांत बुडालेलीं घरें आहेत. रीत असली म्हणजे सगळेच तरतात असें नाहीं. पण रीत नसली, तर कोणाला कोठें थांबवावें हेंच कळत नाहीं.”

“दुसऱ्यांदा कोणी विचारीत नाहीं” हे शब्द माझ्या मनांत रुतले. आमच्या पंक्तीचें भूषण काय? आग्रह! पान भरलेलें असतांना जिलबी वाढणें, ‘नको’ याचा अर्थ ‘थोडें आणखी’ असा करणें, हेंच आमचें आदरातिथ्य. मद्य पिणाऱ्या समाजांनीं शतकानुशतकें ठेंचा खाऊन आपले कांहीं नियम घडविले; आम्हीं त्यांचें पेय तेवढें उचललें, आणि त्याला आमचा आग्रह जोडला. जिलबीच्या आग्रहानें फार तर अपचन होतें; या पेल्याच्या आग्रहानें घर बुडतें.

शेवटीं गच्चीवर दोन भांडीं ठेविलीं. एकांत सूनबाईचें सांग्रिया. त्यावर ठळक मराठी अक्षरांत ‘यांत मद्य आहे’ अशी चिठ्ठी. तें माझ्या मुलानें स्वतः ओतून द्यावें, इतर कोणीं हात लावूं नये, आणि फोडी कोणासही वाढूं नयेत असें ठरलें. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें पिणाऱ्यास परवाना लागतो, तोही ज्याच्या त्याच्याजवळ असावा हें आधींच कळविलें. दुसरें भांडें जावेनें केलें. पन्नास ग्रॅम आमसुलें अर्धा लिटर पाण्यांत दोन तास भिजवून, कुसकरून गाळलीं. त्यांत दीडशें ग्रॅम साखर, चार लवंगा व दालचिनी घालून एक उकळी आणली, आणि निवल्यावर मोसंब्याचा रस, डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या चकत्या व गार सोडा घातला. रंग अगदीं तसाच तांबडा, पेले तेच.

पाहुण्यांत एक गृहस्थ असे होते, कीं ज्यांनीं तीन वर्षांपूर्वीं मोठ्या कष्टानें दारू सोडली होती. मेजवानींत जाणें त्यांनीं बहुतेक बंद केलें होतें. कारण नुसतें ‘नको’ म्हणून भागत नाहीं, ‘कां नको’ हेंही सांगावें लागतें. त्यांनीं जावेच्या हातचा तांबडा पेला घेतला आणि रात्रीं अकरापर्यंत सर्वांत मिसळून गप्पा मारल्या. त्यांच्या पेल्यांत काय आहे असें त्यांना कोणीही विचारलें नाहीं.

घरांत मद्य येऊं द्यावें कीं नाहीं, याचें उत्तर प्रत्येक घरानें आपल्या माणसांकडे पाहून द्यावें. जेथें एकही माणूस त्यापायीं जळला आहे, तेथें तें न आणण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पण आणावयाचेंच असेल, तर यजमानिणीनें तीन गोष्टी पाळाव्या: भांड्यावर त्याचें खरें नांव लिहावें, शेजारीं तितकेंच सुंदर दुसरें पेय ठेवावें, आणि आग्रह जिलबीपुरता राखून ठेवावा.