खिडकीतला कप

मैत्रिणींनो, खरं सांगा हं, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एखादा कप वेगळा ठेवलेला आहे का? सेटमधला एकटा उरलेला, नाहीतर कान तुटलेला? माझ्याकडे होता. चिंचवडला संसार मांडल्यापासून होता, आणि तो तिथे का आहे हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नाही.

पडला तो गेल्या महिन्यात. आमच्या धाकट्याच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा होती. विषय, ‘विसरला गेलेला खेळाडू’. हे सकाळीच कंपनीच्या बसने चाकणला जातात, तेव्हा भाषण ऐकायला मी एकटीच. मी पोळ्या लाटतेय आणि हा ओट्याजवळ उभा राहून हातवारे करतोय. क्रिकेटचं भाषण म्हटल्यावर माझा एक कान कुकरच्या शिट्टीकडे होता. पण हळूहळू लाटणं थांबलं.

त्यानं निवडले होते बाळू पालवणकर. तुम्ही नाव ऐकलंय? मी नव्हतं. पालवण हे कोकणातलं मूळ गाव, घराणं चर्मकार समाजातलं, वडिलांची नोकरी लष्कराच्या खात्यातली. बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले ते गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर. शाळा लवकरच सुटली. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे, हे त्यांचं काम. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. कॅप्टन ग्रेग म्हणून एक उत्तम फलंदाज होता. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंकडून सराव करून घ्यायचा. आपल्याला बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, असं सांगतात. डाव्या हातानं चेंडू फिरवण्याची कला बाळूंनी अशी दुसऱ्यांचा सराव करून देता देता कमावली. गोऱ्यांनी त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेतली, बॅट मात्र कधी हाती दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला या गोऱ्या क्लबाला हरवायचं होतं. हरवू शकेल असा गोलंदाज गावात होता, पण तो अस्पृश्य! बरीच खळखळ झाली आणि शेवटी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, त्याचा विटाळ होत नसे. चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून मिळे, पिऊन फेकून द्यायच्या. हात-तोंड धुवायचं झालं तर एका कोपऱ्यात अस्पृश्य गडीच पाणी आणून देई. जेवायला ताट वेगळं, टेबलही वेगळं.

इथे चिरंजीव थांबले. मला वाटलं पुढचं विसरला. पाहते तर त्याची नजर खिडकीकडे.

“आई, मावशींचा कप तिथे का असतो गं?”

आमच्याकडे धुण्याभांड्याला ज्या येतात त्यांना मुलं मावशी म्हणतात. मी चटकन म्हटलं, “अरे, त्यांना सापडायला सोपा जातो.” आता बघा, घरातला प्रत्येक कप रोज त्यांच्याच हातून घासून निघतो. कुठला कप कुठे आहे हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक! मुलगा काही बोलला नाही. पोळी मात्र करपली.

त्या दिवशी दुपारची झोप गेली. भाषणासाठी त्यानं आणलेली पुस्तकं उघडून बसले. म्हटलं, पुढे या माणसाचं झालं तरी काय?

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले. लष्करात, मग रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळूंचे बळी पहिल्या डावात ३, दुसऱ्यात ५. तोवर मुंबईची खेळाडू मंडळी बाळू-शिवराम यांच्याबरोबर एका पंक्तीला जेवू लागली होती. म्हणजे कप मिळाला म्हणायचा.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराजा. आपल्या संघाचा दौरा यथातथाच झाला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले. केंब्रिजविरुद्ध एकाच डावात ८! चाळिशीपुढेही ते खेळत राहिले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी. अन् एवढं करूनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. १९१३ मध्ये कर्णधार पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंचा होता. सांगितलं खरं, पण मान तिथेच राहिला!

मला सगळ्यात आवडला तो १९२० चा प्रसंग. बाळूंचा धाकटा भाऊ विठ्ठल हा तर नावाजलेला फलंदाज. त्याला डावलून दुसऱ्याला कर्णधार केलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ संघातून अंग काढून घेतलं, आणि का ते लोकांना सांगितलं. वर्षानुवर्षं बाहेर बसून चहा पिणाऱ्याच्या भावांनी एवढं केलं! मग मंडळी नरमली. बाळूंना उपकर्णधार केलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, संघ जिंकला आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. बाळू तेव्हा खेळातून निवृत्त झाले होते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना चक्क डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. बाळूंना ११,२२५ मतं पडली, बाबासाहेबांना १३,२४५. १९५५ च्या जुलैत बाळू गेले.

रात्री यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “आमच्या कॅन्टीनला या की. एका टेबलावर लातूरचा, बिहारचा, ओरिसाचा, सगळे तीच ताटं, तेच पेले. कोण कुणाला विचारतंय!” मला हसू आलं. हा कॅन्टीनचा माणूस अठरा वर्षं घरी चहा पितोय, त्याच्या पाठीमागे खिडकीत तो कप, आणि त्यालाही तो दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना मांडणीवरच्या कपात चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आज काय हाय ताई? पाव्हणे येनार का?” मी म्हटलं, “नाही, सहज.” त्या चहा प्यायल्या, कप दोनदा विसळला आणि नेऊन खिडकीत ठेवला! मी उचलून मांडणीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्हा दोघींत आठवडाभर असा मुका खेळ चालला होता. त्यांना मी दुखावतेय की काय असंही वाटून गेलं. इतक्या वर्षांनी एकाएकी कप बदलला, तर जुना का होता ते आपोआपच उघडं पडतं ना! तुम्ही असतात तर काय बोलला असतात? मला शब्द सापडले नाहीत.

जुना कप शेवटी मी टाकून दिला. स्पर्धेत चिरंजीवांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

पुढच्या आठवड्यात सासूबाई गावाहून यायच्या आहेत. त्यांचं सोवळं अजून कडक आहे, आणि मावशींना ते चांगलं माहीत आहे. काल भांडी पुसता पुसता त्यांनी विचारलं, “ताई, आजी आल्यावर माझा कप कुटं ठिवू?”

“मांडणीवरच,” मी म्हटलं. आवाज जरा बारीकच निघाला.